शरणपुराची वाट

हाबेल बायबलमध्ये एकही शब्द बोलत नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तो मेंढरं राखतो, कळपातलं उत्तम ते देवाला वाहतो, भावाबरोबर शेतात जातो आणि मरतो. काइन बोलतो, देव बोलतो. हाबेलाच्या वाट्याला वाक्यच आलेलं नाही. मेल्यावर त्याचं रक्त मात्र मातीतून आकांत करतं आणि तो देवापर्यंत पोचतो. आज सकाळच्या वाचनात हा अध्याय पुन्हा आला. खुन्याला मृत्युदंड असावा का, या जुन्या प्रश्नाकडे वळताना मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. ज्याचा जीव गेला तो या चर्चेला कधीच हजर नसतो. त्याच्या नावानं बोलतात ते मागे उरलेले, आणि म्हणून उरलेल्यांनी फार जपून बोलायला हवं.

जगातल्या या पहिल्या खुन्याला देवानं मारलं नाही. जमीन तुला पीक देणार नाही, तू भटकत राहशील, एवढी शिक्षा सुनावली. काइन घाबरला, भेटेल तो आपला जीव घेईल म्हणाला. तेव्हा देवानं त्याच्यावर खूण केली आणि त्याला मारणाऱ्याचा सातपट सूड घेतला जाईल असं बजावलं. मृत्युदंडाला विरोध करणारे ख्रिस्ती लोक बहुधा या खुणेपाशी येऊन थांबतात. पण वाचन तिथं थांबत नाही. काइनाच्या वंशात पाचव्या पिढीला लामेख निपजतो. एका तरुणानं जखम केली म्हणून आपण त्याला ठार केलं, असं तो आपल्या दोन बायकांना फुशारकीनं सांगतो. काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट, अशी त्याची मिजास. पुढं पृथ्वी हिंसेनं भरून जाते आणि जलप्रलय येतो. मृत्युदंडाच्या बाजूचे लोक इथं बोट ठेवून विचारतात, की खुन्याला सोडून दिल्याची फळं तुम्हाला या दोन-तीन अध्यायांत दिसत नाहीत का? हा प्रश्न मला टाळता येत नाही.

त्यांचा खरा भार आहे तो नवव्या अध्यायावर. पाणी ओसरल्यावर देव नोहाशी करार करतो. त्यात माणसाचा जीव घेणाऱ्याचा जीव माणसाच्याच हातून जाण्याची गोष्ट येते आणि तिला कारण जोडलेलं आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. हे वचन मोशेच्या नियमशास्त्रातलं नाही. अब्राहामाच्याही आधीचं आहे. ते इस्राएल लोकांपुरतं नाही, नोहाच्या पोटी येणाऱ्या अवघ्या मनुष्यजातीला उद्देशून आहे. म्हणून, शब्बाथ मोडणाऱ्याला किंवा आईबापांना शाप देणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेला मृत्युदंड आज आपण लावत नाही, तसा हाही सोडून द्या, असं म्हणून सुटका होत नाही.

याला एक उत्तर दिलं जातं. त्याच करारात, दोनच वचनं आधी, रक्तासकट मांस खायला मनाई आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सणासुदीला सोरपोतेल शिजतं, आणि जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात डुकराचं रक्त घालतात. एक वचन कायमचं आणि शेजारचं मात्र कालबाह्य, हे कोणी ठरवलं? प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. मांसाच्या नियमाला नसलेलं कारण खुनाच्या वचनाला आहे, आणि ते कारण शिळं होणारं नाही. मूळ हिब्रू क्रियापद आज्ञा म्हणूनही वाचता येतं आणि भाकीत म्हणूनही: सांडलं जावं, किंवा सांडलं जाईल. तलवार उपसणारे तलवारीनंच मरतात, हे येशूनं पेत्राला सांगितलं तशा चालीचं. पण व्याकरणाच्या आडोशाला उभं राहून मी या वचनातून निसटू पाहत नाही. मला त्या कारणाशीच बोलायचं आहे. खून एवढा भयंकर का? कारण मारलेल्या माणसावर देवाचा ठसा होता. मग मारणाऱ्यावर? एदेन बाग सुटून, माणूस बिघडून, प्रलयही होऊन गेल्यावर देव नोहाला हे सांगतो आहे. म्हणजे पापानं तो ठसा पुसला जात नाही, हे त्या वचनातच गृहीत धरलेलं आहे. मृत्युदंडाचं सगळ्यांत बळकट वचन आणि त्या दंडापुढं हात थरथरायला लावणारं वचन एकच आहे.

हात थरथरणं म्हणजे काय, ते गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायात दिसतं. मृत्युदंडावर बायबलमधला कुठला एकच अध्याय वाचायचा झाला तर मी हा सुचवीन. त्या समाजात पोलीस नव्हते. माणूस मारला गेला की त्याचा जवळचा नातलग सूड घ्यायला निघे. त्याला हिब्रूत ‘गोएल’ म्हणत, आणि नवल असं की गहाण पडलेली भाऊबंदाची जमीन सोडवणाऱ्यालाही तोच शब्द होता. नियमशास्त्रानं या नातलगाचा हक्क मोडला नाही, पण त्याच्या वाटेत सहा नगरं उभी केली: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ, गोलान. हातून चुकून जीव गेला असेल त्यानं तिथं पळून जावं. मंडळीनं निवाडा करावा आणि मुख्य याजक मरेपर्यंत त्यानं त्या नगराबाहेर पाऊल टाकू नये. अनुवादाच्या पुस्तकात आणखी एक बारकावा आहे: या नगरांकडं जाणारे रस्ते नीट करून ठेवा. संतापानं पेटलेला माणूस पाठीवर असताना पळणाऱ्याला वाट सापडली पाहिजे, याची काळजी कायदा करतो.

मराठी बायबलमध्ये या नगरांना शरणपुरं म्हटलं आहे. नाशिकमध्ये शरणपूर आहे आणि त्याकडं जाणारा शरणपूर रोड आजही गजबजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं राहिली, शिकली. त्यांच्यातले काही पुढं डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत परत गेले. कोणाचाही खून न केलेल्या, उलट ज्यांचं आयुष्यच चोरलं गेलं होतं, अशा मुलांना ते नाव देण्यात आलं. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी अनुवादातली ती सूचना आठवते.

मुद्दाम खून करणाऱ्याला मात्र शरणपुरात थारा नव्हता. तिथं अध्याय कठोर होतो, आणि त्यातली एक कठोरता मला फार मोलाची वाटते. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका, असं तो बजावतो. आसपासच्या जुन्या कायद्यांत मेलेल्याचा हुद्दा पाहून दंड ठरे, पैसे भरून प्रकरण मिटे. इथं श्रीमंताला ती वाट बंद. मेलेला गरीब असला तरी त्याच्या रक्ताला भाव लावता येत नाही. दयेची बाजू मांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे कधी विसरू नये. हाबेलाचं रक्त स्वस्त करून काइनाला वाचवणं, ही बायबलमधली दया नव्हे.

पण लगेच दुसरं बंधन येतं: एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाचा जीव घेऊ नये. अनुवाद त्याच्याही पुढं जातो. साक्ष देणाऱ्यानंच पहिला दगड उचलायचा. न्यायालयात बोट दाखवून घरी जायचं नाही. ज्याला दाखवलं त्याच्याकडं बघत, आपल्या हातानं. आणि पस्तिसाव्या अध्यायाच्या हिब्रूत एक गोष्ट आहे, जी भाषांतरात सहसा लपते. दहा आज्ञांमध्ये खुनाची मनाई करणारं जे क्रियापद आहे, तेच इथं साक्षीदारांच्या शब्दावर खुन्याचा जीव घेण्यालाही वापरलं आहे. आज्ञा खुनाला मनाई करते, देहदंडाला नाही, असं सर्रास सांगितलं जातं. अर्थाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, कारण तेच नियमशास्त्र देहदंड सांगतं. तरीही तो शब्द तिथं आहे. कायद्यानं घेतलेल्या जिवालाही वेगळा, धुतलेला शब्द त्या लेखकानं शोधला नाही.

पुढच्या काळात ज्यू धर्मगुरूंना हे ओझं जाणवत राहिलं. मिश्नाच्या मक्कोत या भागात एक संवाद नोंदलेला आहे. सात वर्षांत एकाला देहदंड देणारी न्यायसभा घातकी म्हणावी, असं तिथं म्हटलं आहे. एलाजार बेन अजर्या म्हणतात, सत्तर वर्षांत एकाला दिला तरी. तर्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही त्या सभेत असतो तर कधीच कोणी मारला गेला नसता. त्यावर शिमोन बेन गमलिएल यांचा सवाल येतो, की असं झालं तर इस्राएलात रक्त सांडणारे वाढणार नाहीत का? हा सवाल तिथंच सोडलेला आहे, आणि तो सोडला म्हणून मला त्या ग्रंथाचा आदर वाटतो.

नव्या करारात दोन्ही बाजूंचे लोक आपापली वचनं घेऊन उतरतात. येशूनं व्यभिचारी स्त्रीला वाचवलं तो प्रसंग विरोधक पुढं करतात. तो मला प्राणाहून प्रिय आहे, पण दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो सापडत नाही, आणि तिथं प्रश्न खुनाचा नाही. तरी पहिल्या दगडाबद्दल येशू जे बोलतो ते साक्षीदाराच्या त्या जुन्या नियमाला धरूनच आहे. दुसऱ्या बाजूला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय: अधिकारी देवाचा सेवक आहे आणि तो तलवार उगीच धारण करत नाही. आता अध्यायांचे आकडे पौलानं घातलेले नाहीत, ते हजाराहून अधिक वर्षांनी आले. सलग वाचलं तर बाराव्याच्या शेवटी पौल सांगतो की सूड स्वतः घेऊ नका, तो देवावर सोडा. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. लगेच पुढं अधिकाऱ्याची तलवार येते. खुन्याचा बंदोबस्त होईल, पण तो तुमच्या रागातून होणार नाही, असा त्या दोन्हींचा मेळ मी लावतो. ही तलवार मी नाकारत नाही. पौल हे लिहीत होता तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. त्याच रोममध्ये, तशाच तलवारीनं पौलाचं मस्तक उतरवलं गेलं, अशी मंडळीची परंपरा सांगते. आणि हा पौल कोण? स्तेफनाला दगडमार झाली तेव्हा साक्षीदारांची वस्त्रं सांभाळत उभा असलेला, त्या हत्येला संमती असलेला तरुण.

त्या एका शुक्रवारच्या सकाळी पिलातापुढं काय घडलं तेही पाहावं. तुरुंगात बरब्बा होता. दंगलीत खून केल्याचा त्याच्यावर ठपका होता, असं मार्क आणि लूक दोघंही सांगतात. त्या सकाळी खुनी सुटला आणि निर्दोष खिळला गेला. बरब्बाची सुटका दयेपोटी झाली नाही, पश्चात्ताप कोणी विचारला नाही. गर्दी ओरडली म्हणून झाली. येशूला मृत्यूही कायदेशीर रीतीनंच दिला गेला, अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानं म्हणावं तसा. न्यायाच्या दोन्ही चुका एकाच ओट्यावर, एकाच तासाला. आमच्या गळ्यात जो क्रूस असतो तो मृत्युदंडाचं हत्यार आहे, हे आम्ही इतक्या सवयीनं विसरतो की मला कधी कधी भीती वाटते.

आता ऑगस्टीन. त्यांचं प्रकरण मला अनेक दिवस सोडत नाही. इसवी सन ४११-४१२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत डोनॅटिस्ट पंथाच्या टोळ्यांनी एका याजकाला ठार केलं. दुसऱ्याचा डोळा काढला, बोट तोडलं. गुन्हेगारांनी कबुली दिली. निवाडा मार्सेलिनस नावाच्या शाही अधिकाऱ्याकडं होता, तो स्वतः ख्रिस्ती, ऑगस्टीन यांचा मित्र. डोळ्याच्या बदल्यात डोळा हा नियम लावायला याहून नेमका खटला कुठला? बळी पडलेले ऑगस्टीन यांच्याच मंडळीचे. त्यांनी मार्सेलिनसला पत्र लिहून विनवलं, की आमच्या सेवकांच्या यातनांची परतफेड तशाच यातनांनी करू नका. यांना जिवंत ठेवा, अंगानं धड ठेवा, काही उपयोगाच्या कामाला लावा. याच काळात त्यांनी ‘देवाचं नगर’ हा महाग्रंथ सुरू केला, आणि तो याच मार्सेलिनसला उद्देशून आहे. त्याच्या पहिल्याच भागात, कायद्यानं गुन्हेगाराला मारणारा अधिकारी आज्ञा मोडत नाही, असंही ते लिहितात. तत्त्व मान्य, आणि समोरचा माणूस उभा राहिला की विनवणी. याला कोणी विसंगती म्हणेल. मला त्यात पाळकाचं काळीज दिसतं. पुढं ४१३ मध्ये राजकारणाच्या भोवऱ्यात मार्सेलिनसवरच बंडाचा खोटा आळ आला आणि कार्थेजमध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी सम्राटाच्या फर्मानात त्याचं नाव सन्मानानं घेतलं गेलं. वर्ष-दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या जिवाची भीक ज्याच्याकडं मागितली, त्या मित्राच्या जिवासाठी ऑगस्टीन यांनी केलेली रदबदली मात्र वाया गेली.

चर्चची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. थॉमस अक्वायनस यांनी सडलेला अवयव कापण्याचा दाखला दिला आणि तो अनेक शतकं चालला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये मृत्युदंडाची गरज जवळजवळ उरलेलीच नाही असं लिहिलं. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तो अमान्य ठरवला. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० मध्ये ठराव करून त्याला पाठिंबा दिला. बायबल एकच, वाचणारे प्रामाणिक, तरी वाटा वेगळ्या.

मात्र प्रामाणिक वाचकालाही समोर चेहरा आला की काय होतं, ते १९९८ मध्ये टेक्सासनं पाहिलं. कार्ला फे टकर या बाईनं १९८३ मध्ये कुदळीनं घाव घालून दोघांचा जीव घेतला होता. तुरुंगात ती ख्रिस्ताकडं वळली. टीव्हीवरचे प्रसिद्ध उपदेशक पॅट रॉबर्टसन मृत्युदंडाचे समर्थक, पण तिच्यासाठी त्यांनी दयेची याचना केली. ३ फेब्रुवारीला शिक्षा अमलात आली. तिच्यात त्यांना देवाचं प्रतिरूप दिसलं, आणि ते खरंच होतं. माझ्या मनात राहून जातात ते त्याच रांगेतले बाकीचे, ज्यांच्याकडं कोणी कॅमेरा नेला नाही, ज्यांना नीट बोलता येत नव्हतं, जे अजून वळायचे होते. देवाला दुष्टाच्या मरणात आनंद नाही, त्यानं मागं फिरून जगावं यात आहे, असं यहेज्केल संदेष्टा सांगतो. मागं फिरायला किती दिवस लागतात, ते कुठल्या न्यायालयाला ठरवता येईल? उरीयाला मरणाच्या तोंडी देणारा दावीद राजा नाथान संदेष्टा येईपर्यंत गप्प होता. मिसऱ्याला मारून वाळूत पुरणाऱ्या मोशेला चाळीस वर्षं मिद्यानात मेंढरं राखावी लागली. ही माणसं जिवाबद्दल जीव या नियमाच्या कचाट्यात सापडती तर बायबलची अर्धी पानं कोरी राहती.

म्हणून मी मृत्युदंडाच्या विरोधात आहे. राज्याला तो अधिकारच नव्हता असं मी म्हणत नाही. पवित्र शास्त्र मला तसं म्हणू देत नाही. पण पवित्र शास्त्रानं त्या अधिकाराभोवती जी कुंपणं घातली, ती पाळू शकेल एवढा शुद्ध हात मला कुठं दिसत नाही. आणि रक्तानं विटाळलेली भूमी रक्त सांडणाऱ्याच्याच रक्तानं शुद्ध होते, असं जे गणनात म्हटलं आहे, त्यावर ख्रिस्ती माणूस म्हणून माझं उत्तर इब्रीकरांस पत्रात आहे: हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगलं काही बोलणारं रक्त आता सांडून गेलं आहे.

हे सगळं मी सुरक्षित खुर्चीत बसून लिहितो आहे, याची मला जाण आहे. माझ्या घरातलं कोणी मारलं गेलेलं नाही. म्हणून ज्यांच्या घरातलं गेलं त्यांच्याकडं बघतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. क्षमेनं न्यायालय बंद पडलं नाही. खटला चालला, दोष ठरला, आरोपी तुरुंगात राहिला.

दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातली. सिस्टर रानी मारिया केरळच्या. इंदूरच्या बाजूला गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवायला धडपडत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं गेलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याच्या मनगटावर राखी बांधून आल्या. २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये इंदूरला रानी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आलं.

सुटल्यावर तो माणूस केरळला, त्यांच्या गावी, त्यांच्या घरी गेला.  त्यांच्या म्हाताऱ्या आईनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. तिच्या लेकीचं रक्त त्याच हातांना लागलेलं होतं.